आमचे चित्रकलेचे सर गेले. त्यांनी रंगवलेलं कुठं काय शिल्लक आहे?

काळी_माती:
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या आमच्या गावचे चित्रकलेचे सर मागच्या आठवड्यात गेले. वय नव्वदीच्या पुढं. नाव टाकत नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' व्हॉट्सॲपवर यथासांग वाहून झाली आहे, त्यासाठी हा धागा नाही.

सरांनी जन्मभर रंगवलं ते दुसऱ्याच्या भिंतीवर, छतावर, पडद्यावर, पाटीवर. देवळाच्या सभामंडपातली महिरप, वाड्यांच्या ढेळजेतली (दारातल्या ओसरीतली) वेलबुट्टी, गॅदरिंगचे पडदे, गणपतीमागची आरास, लग्नघराच्या दारावरचे हत्ती-मोर. सही करून, चौकटीत बसवून असं काही ठेवलंच नाही. घरात निघाली ती एक पत्र्याची पेटी आणि तिच्यात खाकेच खाके, म्हणजे भिंतीवर नक्षी उतरवायचे टोचलेले कागद. बाकी सगळं पुढच्या दसऱ्याच्या चुन्याखाली गेलेलं. म्हणून विचारतोय, तुमच्या घरी, गल्लीत, देवळात सरांच्या हातचं काही टिकलंय का?

थोडी ओळख. सर जन्मले निजामाच्या राज्यात, सुरुवातीची शाळा उर्दूतून. १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे भारतानं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं तेव्हा, पंधरा-सोळा वर्षांचे होते असं सांगायचे. हाताला वळण लावलं गावातल्याच एका उस्तादांनी. हे उस्ताद मोहरमचे डोले सजवायचे आणि एरवी घरं रंगवायचे. पिवडी, काव, हिरमुजी, नीळ, काजळी आणि सफेदा, एवढ्याच रंगांत सगळी दुनिया. रंग पक्का धरावा म्हणून सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा चिकट डिंक) उकळून घालायचा. त्या सरसाच्या वासानं सरांची आई त्यांना जेवायला परसात बसवायची म्हणे. नंतर परीक्षा दिल्या, शिक्षक झाले, निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतरही तीसेक वर्षं दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर पोरं बसवून शिकवत राहिले. फी नाही. कागद मात्र ज्याचा त्यानं आणायचा आणि दोन्ही बाजूंनी वापरायचा.

खाका माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. नक्षी आधी खाकी कागदावर काढायची. कागद घोंगडीवर अंथरायचा आणि रेघेवरून सुईनं भोकं पाडत जायचं, अगदी जवळजवळ. सुई हातात नीट धरता यावी म्हणून सर ती ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्यात खोचायचे. नक्षीच्या दोन बाजू सारख्या हव्या असतील तर कागदाला घडी घालून एकदमच टोचायचा. मग कागद उलटा करून पाठीमागून बारीक पॉलिशकागद फिरवायचा. ही पायरी बरेच जण विसरतात. भोकाच्या कडेला कागदाचे जे बारके काटे उभे राहतात ते निघाले नाहीत तर भोकं परत मिटतात आणि भुकटी खाली उतरत नाही. शेवटी खाका भिंतीला लावायचा आणि मलमलच्या पुरचुंडीत कोळशाची भुकटी बांधून वरून हळूहळू आपटत जायचं. कागद उचलला की भिंतीवर ठिपक्यांची वेल हजर. गडद भिंत असेल तर कोळशाऐवजी खडूची भुकटी.

पेटीतल्या काही खाक्यांना इतक्यांदा कोळसा लागलाय की मूळ कागदाचा रंग कुठला ते कळत नाही.

हुरडा_पार्टी:
अरे देवा. मला आत्ता इथंच कळलं. मी सातवी ते दहावी त्यांच्याकडं होते.

शिकवणं सांगते. नक्षीची किनार काढायची असली की आम्ही पोरी कागदाच्या मधोमध फूल काढून सुरुवात करायचो आणि कोपऱ्यात पोचेपर्यंत वेलीचं एक पान अर्धं तुटायचं नाहीतर दोन फुलं एकमेकांवर चढायची. सर येऊन कागदाचे चारही कोपरे बोटानं दाखवायचे. 'आधी कोपरा सोडव, सरळ पट्टी तर कोणीही काढतं.' कोपऱ्यात वेल वळते कशी, देठ आतून घ्यायचा की बाहेरून, तिथं फूल ठेवायचं की नुसती कळी, हे ठरलं की मग दोन कोपऱ्यांतलं अंतर मोजायचं आणि त्याला पूर्ण भाग जाईल एवढं एक आवर्तन घ्यायचं. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत संकल्पचित्राच्या (नक्षीच्या) पेपरला माझा हात थरथरत होता, पण कोपरे आधी झाले होते, त्यामुळं निभावलं.

माझी आजी दारात रांगोळी काढायची. सर एकदा काही कामानं घरी आले तर पाचेक मिनिटं उंबऱ्याबाहेरच उभे. आत यायचं सोडून आजीला विचारायलेत, 'काकू, हा ठिपका तुम्ही मोकळा का सोडला?' आजी म्हणाली, 'सगळं भरलं तर डोळ्याला बसायला जागा नको का?' दुसऱ्या दिवशी वर्गात तेच वाक्य. आजीचं नाव घेऊन सांगितलं! मी लाजून मेले होते तेव्हा.

बोरीचा_पार:
भावपूर्ण आदरांजली 🙏

लेटरिंगवाला:
मी सरांचा नापास विद्यार्थी. दहावीत गणित राहिलं, शाळा सुटली. सरांनीच मला पाट्यांच्या कामाला लावलं. पहिला ब्रश त्यांचा, पहिली शिडीबी त्यांचीच.

पाटी लिहायला शिकवताना म्हणायचे, आधी अक्षरं मोज, मग काने-मात्रा मोज. 'किराणा' आन् 'भुसार' दोन्ही तीन अक्षरी, पण जागा सारखी लागत नाही, कानं धरून मोजावं लागतं. रंगाच्या दोरीनं वरची रेघ मारायची, खालची मारायची, वेलांटीला आन् उकाराला वेगळी जागा सोडायची. शिरोरेघ मी आधी मारायचो. सर म्हणायचे शेवटी मार, नाहीतर अक्षरं तिला फाशी घेतल्यावानी लटकतेत. आता तुम्ही बाजारातून हिंडा, संगणकावर काढलेल्या पाट्या बघा. सगळे लटकलेले.

धंदा फ्लेक्सनं बसला असं सगळे म्हणतेत. खरंय, पण आमचं मोठं काम त्याच्याआधीच कमी झालं होतं. १९९५ला मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आला, निवडणूक आयुक्त शेषनसाहेबाच्या काळात निवडणुकीच्या भिंती बंद होऊ लागल्या. त्याच्याआधी एका इलेक्शनवर वर्षाचा किराणा भरायचा. सर निवडणुकीच्या भिंती कधीच घ्यायचे नाहीत, सरकारी नोकर म्हणून. पण पोरांना पाठवायचे आन् रात्री सायकलवर येऊन कंदिलाच्या उजेडात चूक काढून जायचे.

त्यांच्या हातचं काय राहिलं म्हणताल तर माझ्या माहितीत एकच. जुन्या बाजारात एका वाड्याच्या ढेळजेत वर लाकडी छत हाय, त्याच्या दाटवणीवर, म्हंजे तुळयांवरच्या फळ्यांवर, कमळाची पट्टी. तुळयांना पण बारीक वेल. ते चुन्याखाली गेलं नाही कारण लाकडाला कोण चुना मारतंय!

तिरका_डोळा:
सरांबद्दल आदर आहेच, मीही त्यांच्या हाताखालून गेलोय. पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सर स्वतःचं असं काही रंगवत नव्हते. कमळ अजिंठ्याचं, मोर पैठणीच्या पदराचा, कमान औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याची. उत्तम हात, पण हात दुसऱ्याचं काढण्यात गेला. आम्हाला निसर्गचित्र फारसं शिकवलं नाही, व्यक्तिचित्र जवळपास नाहीच. माझा एक मित्र पुढं औरंगाबादच्या शासकीय कला महाविद्यालयात गेला तर तिथं त्याला पहिलं वर्ष हाताचं घट्ट वळण सोडवण्यात गेलं. माणूस गेला की आपण सगळ्यांनाच थोर कलावंत करून टाकतो.

निवृत्त_मास्तर:
तिरका_डोळा यांचं म्हणणं अर्धं मान्य. मी सरांचा सहकारी होतो, गणित शिकवायचो. व्यक्तिचित्रात त्यांना गती नव्हती आणि ते स्वतःच तसं सांगत. शाळेत पुढाऱ्यांच्या तसबिरी रंगवायची वेळ आली की दुसऱ्या गावच्या शिक्षकांना बोलवायचे आणि स्वतः चौकट रंगवायचे. बऱ्याच कार्यक्रमांत लोक चौकटीकडंच बघत बसायचे तो भाग वेगळा.

पण नकलेबद्दल एवढ्या हलक्यानं बोलू नये. आपल्या अजिंठ्याचाच इतिहास बघा. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४पासून लेण्यांत बसून नकला केल्या, त्या १८६६च्या आगीत लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सनं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही कितीतरी १८८५ला लंडनमध्येच आगीत गेल्या. उरलं त्यावर पुढं दोन खंडांचं पुस्तक निघालं. दरम्यान मूळ भिंतींवरचा गिलावा पडतच होता. आज काही जागी मूळ काय होतं ते या नकलांवरूनच कळतं. आणि हा ग्रिफिथ्स मुंबईला आला तो कशाचा शिक्षक म्हणून? डेकोरेटिव्ह पेंटिंगचा! सर हे फार मिरवून सांगायचे, जसा काही ग्रिफिथ्स त्यांच्याच बॅचचा.

आता नोकरीबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि आमच्या पिढीच्या शिक्षकांचं सगळंच बदललं. भाषा, अभ्यासक्रम, परीक्षा. उर्दूत शिकलेल्या माणसानं मराठीत परीक्षा देऊन ड्रॉइंग टीचर होणं हे तेव्हा सोपं नव्हतं. सरांचं मराठी अक्षर सुंदर, पण हिशेब आणि आकडेमोड शेवटपर्यंत मनात उर्दूतून चालायची. भिंतीची मापं घेताना ओठ हलायचे ते 'पौने चार, सवा चार' असे.

शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे इतर विषयांची राखीव जागा. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकलेचा तास. मीही घेतलेत, सगळेच घ्यायचे. सर फक्त विचारायचे, 'तुमच्या भूमितीच्या तासाला मी येऊ का मग?' एक वर्ष खरंच आले. दोरी आणि खडू एवढ्यावर फळ्यावर षट्कोन, अष्टकोन, त्यातून जाळी आणि जाळीतून मकबऱ्याच्या खिडकीसारखी नक्षी काढून दाखवली. ती तुकडी भूमितीला कधी घाबरली नाही.

गोदाकाठचा_बगळा:
आता तर चित्रकलेला महत्त्व आलंय की. ग्रेड परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. माझ्या पोरीला क्लास लावलाय तो त्यासाठीच, खोटं कशाला बोलू.

निवृत्त_मास्तर:
तेच तर. गुणांमुळं परीक्षेला गर्दी झाली. सर म्हणायचे, गर्दीतून एखादं लेकरू चुकून चित्रकलेत अडकेल, अडकू द्या. मला ते इतकं उदारपणे घेता येत नाही. क्लासवाले ठरावीक दोन नक्ष्या पाठ करून घेतात आणि पोरं कुठल्याही आकारात त्याच बसवतात.

हुरडा_पार्टी:
अजिंठ्याच्या सहलीचं कोणीच कसं सांगितलं नाही? आमच्या वर्षी गाईड सगळ्यांना पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्रापुढं घेऊन गेला, १ नंबरच्या लेण्यात. आणि सर आम्हाला वर बघा, वर बघा! मान दुखेपर्यंत छत दाखवलं. छताचे चौकोन, त्यांत फळं, फुलं, कमळाच्या तळ्यातला हत्ती. मग २ नंबरमध्ये हंसांची रांग. प्रत्येक हंसाची मान वेगळी, एक मागं बघतोय, एक पिसं साफ करतोय. तिथलं छत कापडी चांदव्यासारखं रंगवलंय हेही त्यांनीच दाखवलं. पद्मपाणी जगात सगळे बघतात म्हणाले, छत रंगवणाऱ्याकडं कोण बघणार?

चित्रं इतकी पिवळट का दिसतात असं एका मुलीनं विचारलं होतं. सर म्हणाले निजाम सरकारनं १९२०च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावले, त्यांनी चित्रं धरून राहावीत म्हणून लाखेचा लेप दिला आणि वर्षं गेली तसा तो पिवळा पडला. गिलावा निसटायचा थांबला हेही खरं, म्हणून त्यांना शिव्या देऊ नका, असं वर.

पिवडी:
त्यात भर. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, त्यात धानाचा कोंडा, गवताचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात आणि सुकल्यावर रंग. म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपची पद्धत ती ही नव्हे. आणि वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, अजिंठ्यात ते नाहीत. त्यानं वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला असावा असं संशोधकांचं मत आहे. आमच्या मित्रमंडळात यावर जे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

औशाकडचा:
आमच्या भागात सरांचं काम होतं. 'होतं' म्हणायची वेळ आली. माझ्या आजोळच्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर त्यांनी देवळ्यांभोवती (कोनाड्यांभोवती) कमानी रंगवल्या होत्या, दोन पोपट आणि मध्ये द्राक्षाचा घड. मामाच्या लग्नाला म्हणून आले आणि पंधरवडा राहिले असं आई सांगते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात वाडा पडला नाही, नुसत्या भेगा गेल्या. पण किल्लारीचं बघितल्यावर दगडमातीच्या, माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात झोपायची कोणाची छाती होती? वर्षभर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. मग मामांनी वाडा उतरवला. त्या वेळी फोटो काढून ठेवावा हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही, घरं मोकळी करायची घाई होती. देवळीचा एक दगड गोठ्याच्या पायरीला लावलाय, त्यावर अजून थोडी नीळ दिसते.

तिरका_डोळा:
हुरडा_पार्टी आणि मास्तरांचं वाचलं. ग्रिफिथ्सचं माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा थोडा उरतोच. नकलेतून जपणूक होते हे मान्य, पण सरांनी पोरांना स्वतःचं काढायला मोकळं सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?

लेटरिंगवाला:
भाऊ, मोकळं सोडायचे की. पण आधी रेघ बसल्यावर. माझं बघा, पाचव्या वर्षी एका हॉटेलच्या पाटीला मी मनानं वाफाळती कपबशी काढली, खाका नाही, काही नाही. सर बघून गेले. काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या पेटीतून एक खाका आणून दिला. कोरा. म्हणजे नुसता कागद, टोचायचा बाकी. म्हणले, ती कपबशी यावर उतर, पुढच्या पाटीला कामाला येईल. माझं चित्र त्यांच्या पेटीत गेलं. तुम्हाला ते पेटीत सापडंल, कपाचा कान जरा मोठा हाय.

काळी_माती:
सापडलं! दोन-तीन मोरांच्या खाली होतं. कपाच्या कानाबद्दल दुजोरा देतो.

आणि एक वाईट बातमी. गल्लीतल्या देवळाचा सभामंडप काल बघून आलो. जीर्णोद्धार झालाय. सरांची महिरप होती तिथं आता गुलाबी ऑइलपेंट आणि वर सोनेरी पट्टी. पुजारी म्हणाले, जुनं फार फिकं झालं होतं, गुत्तेदारानं (कंत्राटदारानं) फुकटात करून दिलं. वाद घातला नाही. देऊळ त्यांचं आहे, भक्तांना झळझळीत लागतं. सरांनीसुद्धा तिथं रंगवलं ते आधीच्या कोणाचं तरी खरवडूनच रंगवलं असणार.

जुन्या बाजारातल्या वाड्याचं मात्र तातडीनं बघायला हवं. मालकांशी बोललो. दिवाळीनंतर वाडा उतरवायचा आहे, लाकूड एकदम विकायचं ठरलंय. छताचे फोटो काढायला हरकत नाही म्हणाले. कमळाच्या पट्टीची एक-दोन फळकुटं विकत मिळतील का विचारलं, बघू म्हणाले. पैशाची जुळवाजुळव करावी लागली तर इथं कळवतो.

खाक्यांचं काय करावं तेही सुचवा. सरांचा पुतण्या म्हणतोय लॅमिनेशन करून एकेक विद्यार्थ्याला वाटून टाकू.

पिवडी:
लॅमिनेशन अजिबात नको! मी जुन्या कागदांचंच काम करते म्हणून सांगते. उष्णतेनं प्लास्टिक एकदा चिकटलं की परत सुटत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडून कडकतो. सेलोटेपही नको, फाटलेलं असेल तर तसंच राहू द्या. इस्त्री फिरवू नका. घड्या जबरदस्तीनं उलगडू नका, आधी दोन दिवस सपाट ठेवून सैल होऊ द्या. कोळसा झटकू नका, कुठल्या नक्षीला किती वापर झाला ते त्यावरूनच कळतंय. पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, तुमच्याकडं वाळवी फार.

फोटो काढताना एक युक्ती. वरून काढाल तर काळा कागद नुसता काळाच दिसेल. काचेवर खाका ठेवून खालून दिवा लावा, म्हणजे भोकांतून उजेड येऊन नक्षी स्पष्ट दिसते. बाजूला फूटपट्टी ठेवा, माप कळायला. मागच्या बाजूचाही एक फोटो घ्या. कारागीर बऱ्याचदा मागं गिऱ्हाईक, मजुरी, असलं काही लिहून ठेवतात.

आणि वाटून टाकू नका हो. एकत्र आहेत तेवढेच कामाचे आहेत.

काळी_माती:
मागं लिहिलंय खरंच! उर्दूत. मला वाचता येत नाही, पुतण्यालाही नाही. कोणाला येत असेल तर फोटो टाकतो.

औशाकडचा:
टाका. माझे सासरे उर्दू माध्यमाचे, अजून वाचतात. त्यांना दाखवतो.

काळी_माती:
उत्तम. रात्री टाकतो. आणि वाड्यावर जायचं रविवारी ठरवतोय. हुरडा_पार्टी, तुमच्याकडं चांगला कॅमेरा आहे असं मागं एका धाग्यात वाचलं होतं. जमेल का? छत उंच आहे, शिडी लागेल.

हुरडा_पार्टी:
येते. पुण्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघेन.

लेटरिंगवाला:
शिडी माझ्याकडं हाय, बारा फुटी, टेंपोत टाकून आणतो. फक्त दुपारी तीनच्या आत आटपा. त्या ढेळजेत नंतर उजेड राहत नाही, आन् मालकानं लाइट तोडून टाकलीय. वर धूळ लई हाय, फडकं मारू नका, रंग निघंल. कोरडा मऊ ब्रश मी घेऊन येतो.